कडुनिंबाखालचा चिरा

तो दगड मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. कुणाच्या स्मृतीचा दगड आवडण्या-न आवडण्याची गोष्ट नसते हे मलाही कळतं. पण जयपूरच्या आमच्या विद्यापीठात मुलांच्या वसतिगृहासमोर, कडुनिंबाखाली उभा असलेला तो काळा चिरा बघितला की माझं डोकं उगाच भणभणायचं. त्यावर घोड्यावर बसलेला, हातात भाला धरलेला एक तरुण कोरला होता. चेहरा मात्र फोटोवरून घेतलेला, चष्म्यासकट. चष्मा लावलेला भालेकरी मी आयुष्यात दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही.

ज्याच्या नावाचा तो चिरा, तो मुलगा बांसवाड्याकडच्या एका भिल्ल वस्तीतला. एम.ए.ला आला होता. त्याच्या गावातून इतकं शिकणारा तो पहिलाच. मे महिन्यात खोलीतल्या कूलरमध्ये पाणी भरताना शॉक बसला आणि जागच्या जागी गेला. मी तेव्हा इथं रुजू व्हायची होते, त्यामुळे पुढचं सगळं ऐकीव. आधी आरडाओरडा झाला, मग वसतिगृहातले सगळे कूलर काढून टाकले, आणि मग समान संधी केंद्राच्या समितीनं ठरवलं की या मुलाचं स्मारक करायचं, तेही त्याच्या समाजाच्या परंपरेप्रमाणं. समितीतल्या कुणीतरी दक्षिण राजस्थानात हिंडताना गावाच्या शिवेवर असे घोडेस्वार कोरलेले चिरे पाहिले होते आणि फोटो काढून आणले होते. त्याबरहुकूम दगड घडवला, पूर्वेकडे तोंड करून उभा केला, शेंदूर फासला. मन लावून केलं होतं, यात शंका नाही. फक्त समितीत त्या भागातलं कुणी नव्हतं आणि त्या मुलाच्या घरी विचारायला कुणी गेलं नव्हतं.

पुढं ते केंद्र माझ्या गळ्यात पडलं आणि त्याबरोबर तो दगडही. दर वर्षी त्याच्यासमोर ढोल वाजायचे, मुलं-मुली रंगीत कपडे घालून फेर धरायची, कुलगुरू हार घालायचे आणि त्याचा व्हिडिओ विद्यापीठाच्या पानावर चढायचा. आमच्याकडे कशी सर्वसमावेशक संस्कृती आहे ते दाखवायला तोच एक व्हिडिओ सगळीकडे फिरवत. मतलब (हा शब्द माझ्या मराठीत असा ठाण मांडून बसलाय की आता निघायचा नाही), एवढ्या मोठ्या विद्यापीठात आदिवासी मुलांसाठी केलेलं ठळक दिसेल असं काही असेल तर तो दगडच.

कार्यक्रमाचा दिवस सोडला तर त्या झाडाखाली कुणी थांबत नसे. आमचा परिसर मोरांचा. मोर वर्गाच्या खिडकीत बसतात, स्कूटरच्या सीटवर बसतात, कुलगुरूंच्या गाडीवरसुद्धा बसतात. पण त्या कडुनिंबावर मोर बसलेला मी कधी पाहिला नाही. चौमूंहून येणारा आमचा माळी म्हणायचा, "पहले बैठते थे मैडम." एवढंच बोलून तो पाइप घेऊन दुसरीकडे जायचा. डुंगरपूर-बांसवाड्याची मुलं तर मेसला जाताना वसतिगृहाच्या मागून वळसा घालून जायची, आणि विचारलं की हसून विषय बदलायची.

मी नंदुरबारची. भिल्ल वस्त्या, भगत, अंगात येणं, हे सगळं लहानपणी कानावरून गेलेलं, आणि मोठेपणी त्यावर शांतपणे व्याख्यानं दिलेली. मला या गोष्टींची भीती वाटत नाही, असं मी समजून होते.

मग जानेवारीत ते झालं. दुपार होती, पण धुकं काही उठलेलं नव्हतं. व्हीलचेअरवाल्या एका मुलासाठी उतार कुठं बांधायचा ते बघायला मी वॉर्डनबरोबर वसतिगृहाच्या तळमजल्यावर गेले. मधल्या बंद खोलीजवळून जाताना मला कूलरचा आवाज ऐकू आला. तीच घरघर, जाळीवरून पाण्याची तीच टपटप, आणि भिजलेल्या वाळ्याचा वास. जयपुरात एक उन्हाळा काढलेल्या माणसाला हा आवाज आणि हा वास शिकवावा लागत नाही. मी स्वेटरवर शाल पांघरली होती आणि माझ्या अंगावर कूलरचा वारा येत होता.

"तुम्हाला ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"काय?" वॉर्डन म्हणाले. पण ते ओरडून म्हणाले. कूलरशेजारी उभं राहून माणूस जसा नकळत आवाज चढवतो, तसे ते दारासमोर आल्यापासून चढ्या आवाजात बोलत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मी खोली उघडायला लावली. आत एकावर एक रचलेल्या मोडक्या खाटा, आणि जिथं पूर्वी कूलर होता त्या खिडकीच्या भोकाला ठोकलेलं प्लायवुड. कोरडं ठक्क. आवाज नव्हता. "टाकीची मोटर असेल," वॉर्डन म्हणाले, आता नेहमीच्या आवाजात. मी हो म्हटलं. मोटर इमारतीच्या मागच्या अंगाला होती, आणि मोटरीला वाळ्याचा वास येत नाही. खातीपुऱ्याला घरी आले तेव्हाही माझे हात गार होते. त्या खोलीत कोण राहायचं ते मी विचारलं नाही, कारण ते मला ठाऊक होतं.

माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी होती. विषय स्थलांतरित मजुरांचा. तीही बांसवाड्याकडचीच, त्याच समाजातली, पण आडनावावरून किंवा बोलण्यावरून कुणाला सुगावा लागू नये इतकं तिनं स्वतःला घासूनपुसून ठेवलेलं. माझ्याकडे तिचे कागद होते म्हणून मला माहीत. कामात वाघीण, पण त्या दगडापाशी फोटोला बोलावलं की गायब. मी तिला घाबरट म्हणून चिडवायचे. त्या कूलरच्या दिवसानंतर मात्र मी तिला नीट विचारलं.

तिनं टाइप करणं थांबवलं. मग म्हणाली, "आमच्याकडे असं कुणी अपघातात गेलं ना मॅडम, की घरचे त्या जागी जातात. त्याला हाक मारतात, ज्योतीत घेतात आणि घरी आणतात. घरी आणल्यावर गावात चिरा बसवतात. जिथं चिरा बसवला तिथला तो झाला."

"आणि चिरा इथंच बसवला तर?"

"तर इथला झाला," ती म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला.

फेब्रुवारीत, ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं त्या दिवसांत, गेटवरून गार्डचा फोन आला. काही गावाकडची माणसं आली आहेत, जीप करून आली आहेत, आत सोडू का. त्या मुलाची आई होती, चुलता होता, त्यांचा भोपा होता, म्हणजे आमच्याकडचा भगत, आणि आणखी दोघं-तिघं. आई पन्नाशीची असेल. ओढणीखाली हात घेऊन ती माझ्या खोलीतल्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. तिची वागडी बोली मला धड कळेना म्हणून मी माझ्या विद्यार्थिनीला बोलावलं. ती आली, पण दारातच थबकली. आईनं तिच्याकडे पाहिलं. ओळखीचं काही बोलणं झालं नाही.

आईची गोष्ट साधी होती. मुलगा गेला त्या वर्षी ती सगळी त्याला न्यायला आली होती. तेव्हा त्यांना गेटच्या आत सोडलं नाही, म्हणून त्यांनी गेटबाहेरच सगळं केलं आणि ज्योत घेऊन निघाले. ज्योत शहर सुटायच्या आत विझली. परत लावली, परत विझली. दिवा रिकामाच घरी गेला. तेव्हापासून घरच्या पितरांत त्याला जागा नाही. "सणाला मी त्याच्या नावाचा घास काढते," ती म्हणाली, "पण तो कुणाला पोचतो ते मला कळत नाही." मग या वर्षी गावातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर आमचा तो व्हिडिओ आला. ढोल, फेर, हार, आणि मधोमध तिचा मुलगा, चष्म्यासकट, घोड्यावर. तेव्हा तिला उलगडा झाला. तो येत का नव्हता ते. ती सगळी न्यायला आली त्याआधीच आत दगड उभा राहिला होता.

"या लोकांनी माझ्या पोराला इथंच बसवून घेतलं," ती म्हणाली. रागानं नाही. मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिला दगड आडवा करायचा होता आणि मुलाला घेऊन जायचं होतं. मी त्यांना विद्यार्थी कल्याणाच्या अधिष्ठात्यांकडे नेलं. माणूस भला, पुरोगामी, खादीचं जाकीट घालणारा. त्यांनी सगळं ऐकलं आणि फार हळुवारपणे नाही म्हणाले. विद्यापीठात असले विधी कसे चालतील? आणि दगड काढला तर उद्या आपल्यालाच आदिवासीविरोधी म्हणतील. मग त्यांना एक कल्पना सुचली. त्यांनी शाल मागवली. स्मारकासमोर मातेचा सत्कार करू, म्हणाले, फोटोग्राफरला बोलवा. माझ्या विद्यार्थिनीनं हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा आईनं ओढणीखालचे हात बाहेर काढलेच नाहीत. शाल धरून उभे राहिलेले अधिष्ठाता थोडा वेळ फार केविलवाणे दिसले. मग त्यांना मीटिंग होती. "इन्हें खाना खिलाइए, कैंपस दिखाइए," जाता जाता मला म्हणाले. "बस, आग नहीं, और खुदाई नहीं."

मी त्यांना परिसर दाखवायला थेट कडुनिंबाखाली नेलं.

आईनं दगड पाहिला आणि ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिनं ओढणीच्या टोकानं आधी त्याच्या चष्म्याच्या काचा पुसल्या. एक, मग दुसरी. 

भोप्यानं मातीच्या दिव्यात तूप घालून वात लावली. दिव्याला आग म्हणत नाहीत, हा निर्णय मी स्वतःच्या अधिकारात घेऊन टाकला. ज्योत धरली आणि लगेच विझली. वारा नव्हता. परत लावली, परत गेली, आणि विझताना धूर वर न जाता जमिनीलगत दगडाकडे सरकला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. वसतिगृहाच्या खिडक्यांत मुलं गोळा झाली होती. भोपा मांडी घालून बसला, त्याची मान हलायला लागली, खांदे हलायला लागले. तो म्हातारा होता, सकाळपासून खरखरीत आवाजात बोलत होता. आता त्याच्या तोंडून जो आवाज आला तो विशीतला होता, थोडा नाकातला, सावकाश बोलणारा.

माझ्या विद्यार्थिनीनं माझा दंड धरला. तिनं त्याला वर्गात बोलताना ऐकलं होतं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, मी येत नाही." तिचा आवाज सपाट होता. ती एकेक वाक्य ऐकून मला सांगत होती. "इथं माझ्यासाठी ढोल वाजतो. मोठी मोठी माणसं माझ्यासमोर उभी राहतात... जिवंत होतो तेव्हा कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसत नव्हतं. ताट घेऊन यायचे, मला बघायचे आणि पुढं जायचे. मी रोज एकटा जेवायचो." ती थांबली. भोपा मात्र बोलतच होता.

"पुढं?"

"मॅडम," ती म्हणाली, "अब वो मेरी बात कर रहा है."

 ती खाली बघत, जे ऐकू येत होतं ते नाही तर जे तिला ठाऊक होतं ते सांगत सुटली. ती दोघं एम.ए.ला एका वर्गात होती. पहिल्याच आठवड्यात भर कँटीनमध्ये तो तिच्याकडे आला आणि आपल्या बोलीत, मोठ्यानं, खुशीत म्हणाला, तू आमच्या पलीकडच्या गावची ना? तिच्या टेबलावर जयपूरच्या मैत्रिणी बसल्या होत्या. तिनं हिंदीत विचारलं, "आप कौन?" तो मागे फिरला. त्यानंतर तो जाईपर्यंत ती कँटीनमध्ये गेली की आधी तो कुठं बसलाय ते बघायची आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. "मी हे कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "माझ्या आईलाही नाही, कुणालाच नाही."

मी प्राध्यापक बाई. माझं डोकं तेव्हाही पळवाट शोधत होतं. त्यानंच घरी सांगितलं असेल, तिथून भोप्याच्या कानावर गेलं असेल. मी साध्या हिंदीत आईला विचारलं, तो एकटा पडलाय असं फोनवर कधी म्हणाला होता का? आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी विचारायला नको होतं. तिनं उत्तर हिंदीतच दिलं, तुटक. "वो तो बोलता, सब साथ में खाते. रोज."

म्हणजे तिलाही हे आत्ताच, आमच्यासमोर कळत होतं. मला त्या बाईची फार दया आली, आणि आमची सगळ्यांची फार लाज वाटली.

भोपा थांबला होता, पण त्याचे डोळे उघडले नव्हते. वाट बघत असल्यासारखा तो बसून होता. आईनं शेजारचं फडकं ओढलं आणि गाठ सोडली. मक्याच्या भाकरी होत्या, लसणाची चटणी होती. एक भाकरी तिनं दगडापुढं ठेवली. एक स्वतः घेतली. तिसरी तिनं हात लांब करून माझ्या विद्यार्थिनीपुढं धरली.  तो हात तसाच हवेत राहिला.

खिडक्या भरलेल्या होत्या. तिच्या विभागातली मुलं होती त्यात, तिला मॅम म्हणणारी. मला वाटलं, ही आता पळून जाणार. ती चप्पल काढून पुढं गेली, दगडाला खांदा लागेल इतक्या जवळ जमिनीवर बसली आणि तिनं भाकरीचा तुकडा मोडला. खाता खाता ती बोलायला लागली, मोठ्यानं, तिच्या बोलीत. सकाळी भाषांतर करतानाही ती दबक्या आवाजात, मोजकंच बोलली होती; इतक्या वर्षांत ती बोली अशी मोकळी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. काय बोलली ते मला कळलं नाही आणि सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मध्येच ती एकदा हसली, कुणीतरी काहीतरी उत्तर दिल्यासारखी. आई जेवत होती आणि रडत होती.

भोप्यानं डोळे उघडून दिवा पुन्हा लावला. या वेळी वारा सुटला होता, कडुनिंबाची पानं सळसळत होती, माझ्या पदराचं टोक उडत होतं. ज्योत हलली नाही.

दगड आडवा करायला मी माळ्याला पहार आणायला सांगितली. पुढं यावर मला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते सोडा. मी अजून नोकरीत आहे. आजवर मागून वळसा घालणारी ती मुलं आपणहून खाली आली आणि त्यांनी हात लावला. दगड पायाशी सिमेंटात बसवला होता, मला वाटलं होतं संध्याकाळ होईल. पण तो पहिल्या रेट्यातच सुटला आणि त्यांनी तो अगदी अलगद, तोंड वर करून, जमिनीवर निजवला.

आई दिवा घेऊन निघाली. मागं बघायचं नाही, हाक मारायची नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ती पुढं, बाकीचे मागं. पायरी आली की ती हलकेच म्हणायची, पायरी आहे. वळण आलं की सांगायची, इकडे. गेटपाशी गार्ड खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

जीपमध्ये भोपा आणि पुरुषमंडळी पुढं आणि अगदी मागच्या फळीवर बसली. मधल्या सीटवर आई एका खिडकीशी बसली, दिवा मांडीवर, आणि शेजारची जागा तिनं हातानं झटकून रिकामी ठेवली. माझी विद्यार्थिनी निरोप द्यायला म्हणून आली होती. खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायात चप्पल नव्हती, ती झाडाखालीच राहिली होती. ती क्षणभर उभी राहिली, मग जीपला वळसा घालून पलीकडच्या दारानं आत चढली. कुठं निघालीस, असं मी विचारलं नाही.

ड्रायव्हर आईच्या बाजूचं दार लावायला आला तेव्हा आईनं हात वर करून त्याला थांबवलं. आम्ही सगळे थांबलो. मी त्या दारातच उभी होते. कुणाला तरी वाट द्यायला सरकावं तशी मी एक पाऊल मागं सरले, आणि सरल्यावर माझ्या लक्षात आलं की समोर कुणीच नव्हतं. माझ्या हातावरून गार वारा गेला. जीप किंचित खाली दबली.

आईनं मान हलवली. ड्रायव्हरनं दार लावलं. मग ती मधल्या रिकाम्या जागेवरून पलीकडे वाकली आणि माझ्या विद्यार्थिनीला हिंदीत म्हणाली, "थोड़ी सरक, बेटी. इसके पैर लंबे हैं."

ती सरकली आणि दाराला चिकटून बसली.